पांढरा कांदा संपल्यावर

"सही कर ना, स्मिता. कार्ड प्रिंटिंगला पाठवायचंय," नीरज सर म्हणाले. रिपोर्टचा कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला होता आणि त्यावर पेनही ठेवलं होतं. खाली शेवटच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं, की दोन नमुन्यांमध्ये उल्लेखनीय फरक आढळला नाही.

मला हीच ओळ हवी होती. गेले तीन आठवडे मी त्या ओळीसाठी कांदे सोलत होते. तरी मी पेन उचललं नाही. मी काचेपलीकडच्या टेस्टिंग रूममध्ये बघत होते. तिथे प्रत्येक टेबलावर पाण्याचा जग ठेवलेला असतो, एक घास चाखून झाला की चूळ भरायला. पंधरा माणसं लाल कांदा चाखून गेली होती आणि बहुतेक जग काठोकाठ भरलेले होते.

"दुपारपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"अब क्या हुआ?"

"काही नाही. एक गोष्ट बघायची आहे."

आता मी काय काम करते ते सांगते. पनवेलमध्ये आमची कंपनी घरच्या स्वयंपाकाचे किट बनवते. एका खोक्यात मसाल्याची पुडी, सुक्या खोबऱ्याचं आणि दाण्याचं तयार सारण, आणि कृतीचं कार्ड. भाजी, तेल, मीठ तुमच्या घरचं. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला निम्मं काम झालेलं मिळतं, एवढीच त्यातली हुशारी. माझं काम चव तपासण्याचं. कागदोपत्री मी सेन्सरी हेड आहे. माझी आई लोकांना सांगते, "आमची स्मिता हापिसात जेवून बघते." ते काही फारसं चूक नाही.

आमचं सगळ्यात जास्त चालणारं किट म्हणजे भरला कांदा. त्याचा मसाला मंदाकाकींचा. मंदाकाकी आमच्या गावच्या, माझ्या आईच्या मैत्रीण. आम्ही आगरी. आमच्या घरांत मसाला कुटायचा दिवस म्हणजे अर्धं लग्नच असतं. काकींच्या हाताखाली गावातल्या आठ बायकांचा गट आहे. त्या मसाला कुटून, चाळून, भरून आमच्याकडे पाठवतात. पुडीवर काकींचं नाव छापलेलं असतं आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान आहे. गटातल्या निम्म्या बायका आधी नवीन पनवेलच्या सेक्टरांमध्ये धुणीभांडी करायच्या. हे काम लागल्यावर त्यांनी ती घरं सोडली.

अडचण मसाल्याची नव्हती, कांद्याची होती. ही भाजी अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची. भात कापल्यावर त्याच शेतात तो लावतात. माघ-फाल्गुनात रस्त्याकडेला त्याच्या विणलेल्या माळा लटकायला लागतात आणि पाऊस लागला की तो संपतो. लहान, रसाळ आणि गोड कांदा. कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी येत नाही. चिरा देऊन, सारण भरून, झाकणावर पाणी ठेवून शिजवला की आतलं सारण आणि कांदा एकजीव होतात. पहिल्या वर्षी पांढरा कांदा संपला आणि किटबद्दल तक्रारी यायला लागल्या. लोक बाजारात मिळेल तो कांदा भरत होते आणि दोष मसाल्याला देत होते. यंदा नीरज सरांनी स्पष्ट सांगितलं. कार्डावर पांढऱ्या कांद्याला पक्का पर्याय छापायचा, नाहीतर हे किट आषाढापासून माघापर्यंत बंद. म्हणजे तितके महिने काकींच्या गटालाही काम नाही.

काकींना हे मीच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "बाय, तू हाईस ना थय. मंग आमाला कसली काळजी?" माणसाने असं म्हटलं की रात्रीची झोप गेलीच समजा.

म्हणून मी पर्याय शोधायला बसले. घरी स्वयंपाक करणाऱ्यांना याचा उपयोग होईल, म्हणून जरा नीट सांगते.

नीरज सरांची पहिली सूचना सोपी होती. "मार्केट में सफेद प्याज बारह महीने मिलता है. व्हाइट इज व्हाइट." मिळतो, खरंच मिळतो. पण रंग पांढरा असला म्हणून कांदा गोड नसतो. बाजारात इतर वेळी येणारा पांढरा कांदा बरेचदा सुकवून पावडर करण्याच्या जातीचा असतो. त्यात पाणी कमी आणि तिखटपणा भरपूर. मी तो भरून शिजवला आणि सरांना दिला. त्यांनी दोन घास खाल्ले, टाय सैल केला आणि व्हाइटचा विषय परत काढला नाही.

मग सांबारचे छोटे कांदे. त्यांची चव छान, शिजल्यावर गोडसर होतात. पण ते एवढे लहान की चिरा देऊन सारण भरायला सोनाराचे हात हवेत. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला आपण वीस छोटे कांदे सोलायला सांगितले, तर तो किट आमच्या दारात आणून टाकेल. आमटीत, रस्सा भाजीत ते जरूर वापरा. भरायला नकोत.

शेवटी राहिला आपला नेहमीचा लाल कांदा. तो सगळीकडे मिळतो, म्हणून पर्याय तोच असायला हवा होता. प्रश्न त्याला गोड कसं करायचं हा. इथे बहुतेकांची एक समजूत चुकते. गोड कांद्यात साखर जास्त असते असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तिखट कांद्यातही साखर तेवढीच असते, कधी जास्तसुद्धा. ती तिखटपणाखाली दबलेली असते. कांद्याच्या आत दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. आपण सुरी चालवली की मधली भिंत पडते, दोघी समोरासमोर येतात आणि भांडण सुरू होतं. त्या भांडणाचा धूर म्हणजे आपल्या डोळ्यांतलं पाणी. अलिबागच्या कांद्यात भांडायला मुळातच फारसं काही नसतं. तेव्हा लाल कांद्यात साखर घालून उपयोग नाही, भांडण कमी करायला हवं.

सरांनी तरी साखर घालून बघायला लावलीच. भाजी गोडही झाली आणि तिखटही, दोन्ही वेगवेगळी कळत होती. मग मी चिरा दिलेले लाल कांदे मिठाच्या गार पाण्यात भिजवून ठेवले, पाणी फेकलं, मग भरून शिजवले. कोशिंबिरीला हा उपाय उत्तम. भरल्या कांद्याला बरा. मला तो पूर्ण पटला नव्हता, पण तारीख जवळ आली होती. सर म्हणाले, तुला पटण्याचा प्रश्न नाही, पॅनेल काय म्हणतं ते बघू. तेही बरोबर होतं. मी माझ्या जिभेवर निर्णय घ्यायचा नसतो, म्हणून तर पॅनेल असतं.

पॅनेल म्हणजे ऑफिसमधलीच पंधरा माणसं. अकाउंट्स, एचआर, कस्टमर केअर. आम्ही त्यांना चव ओळखायचं थोडं ट्रेनिंग दिलेलं आहे. चाचणीचं नाव ट्रँगल टेस्ट. प्रत्येकासमोर तीन वाट्या ठेवायच्या. दोन वाट्यांत एकच पदार्थ, तिसरीत वेगळा. वाट्यांवर नुसते आकडे, नाव नाही. चाखून वेगळी वाटी ओळखायची. नुसता अंदाज केला तरी तिघांतला एक बरोबर येतो. म्हणून पंधरापैकी पाच जणांनी ओळखलं तर त्याला काही अर्थ नाही. निदान नऊ जणांनी ओळखलं तर फरक खरा आहे असं मानतात. माझ्याकडे पांढऱ्या कांद्याची शेवटची माळ जपून ठेवलेली होती. त्यातले कांदे आणि भिजवलेले लाल कांदे, असा सामना लावला. सात जणांनी ओळखलं. सात म्हणजे फरक सिद्ध होत नाही. म्हणजे लाल कांदा पास.

आणि पाण्याचे जग भरलेले. शिवाय फॉर्मवर शेरा लिहायला जागा असते, ती कोरी. हीच मंडळी श्रीखंडाच्या चाचणीत वेलची एक चिमटी जास्त झाली म्हणून चार ओळी लिहितात.

मी आधी वर्षाताईंकडे गेले. त्या अकाउंट्सच्या, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, पॅनेलवर सगळ्यात जुन्या.

"वर्षाताई, सकाळच्या चाचणीत तुम्ही वेगळी वाटी कशी ओळखलीत?"

"का? चुकली का?"

"नाही, बरोबर आली."

त्यांना आनंद व्हायला हवा होता. त्या ओशाळल्या. आजूबाजूला बघून हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, मी खाल्लंच नाही. वासावरून टिक केली. कांदेनवमी झाली ना."

कांदेनवमी. आषाढातली नवमी. त्या दिवशी कांदाभजी, कांद्याची थालीपीठं असं पोटभर खाऊन घ्यायचं आणि मग चातुर्मास संपेपर्यंत कांदा-लसूण बंद. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पनवेलमध्येच वाढले मी. पण आमच्या घरी श्रावण म्हणजे मासळी-मटण बंद. कांदा आमच्याकडे देवालाही चालतो असं माझी आजी म्हणायची. त्यामुळे चाचणीची तारीख ठरताना हा विषय माझ्या डोक्यातच आला नाही. सर इंदूरचे, त्यांच्याकडे सगळं नवरात्रात बंद होतं. तेव्हा आम्ही दोघांनी मिळून कांदेनवमीनंतरच्या आठवड्यात कांद्याची चाचणी ठेवली, आणि तीही गुरुवारी.

"मग सांगायचं ना मला," मी म्हणाले.

"कसं सांगणार? 'सर्वांनी उपस्थित राहावे' असा मेल आला होता. आणि मला वाटलं, मी एकटीच असेन. माझ्या एका टिकेने काय बिघडणार?"

मी एकेकाला विचारत फिरले. कस्टमर केअरच्या दोघी, चातुर्मास. एचआरची मुलगी, गुरुवारचा उपास. ऑफिसच्या वेळात उपास मध्ये आणायला नको म्हणून गप्प. अकाउंट्सचा एक मुलगा तर जैन. तो आयुष्यात कधी कांदा खात नाही आणि दोन वर्षं पॅनेलवर आहे.

"अरे, मग कांद्याच्या पॅनेलवर कशाला आलास?"

"मॅडम, मला श्रीखंडासाठी घेतलं होतं. नंतर कोणी विचारलं नाही."

पंधरापैकी अकरा जणांनी वाटीला तोंडच लावलं नव्हतं. कोणी वास घेतला होता, कोणी रंग बघितला होता, कोणी नुसतीच टिक केली होती. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच आहोत. ज्या चौघांनी खरंच खाल्लं होतं, त्या चारही जणांनी वेगळी वाटी बरोबर ओळखली होती. उरलेले तीन बरोबर आले ते नशिबाने किंवा नाकाने.

या चाचणीची गंमत बघा. फरक कळला नाही आणि मुळात चाखलंच नाही, या दोन्हींचं उत्तर कागदावर एकसारखं दिसतं. आणि या वेळी ते उत्तर सगळ्यांच्या सोयीचं होतं. सरांच्या, काकींच्या, माझ्याही.

मी सरांकडे गेले आणि सांगितलं, की सही करता येणार नाही.

"डेटा क्लीन है ना?"

"डेटा क्लीन आहे. पॅनेल उपाशी होतं."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डोकं धरलं, पण आवाज चढवला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "देख, मी तुला एक विचारतो. हे कोणाला कळणार आहे?"

"ज्यांच्या घरी शिजेल त्यांना."

"और तेरी मंदाकाकी का क्या? किट बंद झालं तर?"

मी म्हणाले, आठवडाभराचा वेळ द्या. त्यांनी सोमवारपर्यंत दिला.

दुसऱ्या चाचणीसाठी मी शुक्रवारी कळंबोलीच्या गोडाऊनला गेले. तिथे आमचे लोडर, ड्रायव्हर, पॅकिंगवाले असतात. आत शिरल्यावर पहिला प्रश्न विचारला, "कांदा कोण कोण खात नाही?" दोन हात वर आले, त्यांना चहा देऊन बाजूला बसवलं. बाकीच्यांना चाचणी समजावली आणि वाट्या दिल्या. इथे पाण्याचे जग दोनदा भरावे लागले. जवळजवळ सगळ्यांनी वेगळी वाटी ओळखली. एका ड्रायव्हरने तर फॉर्म भरायची वाट बघितली नाही. वाटी पुढे सरकवून म्हणाला, "मॅडम, ही घरी केली तर बायको सरळ विचारेल, आज कोणावर राग आहे?" मी त्याला म्हटलं, शेऱ्यात लिहा. त्याने तसंच लिहिलं.

लाल कांदा नापास झाला.

संध्याकाळी काकी ऑफिसला आल्या. त्यांना कोणीतरी आधीच फोनवर सांगितलं होतं, की पहिल्यांदा पास झालेला कांदा स्मिताने नापास केला. सोबत सुगंधा होती, गटातली सगळ्यात नवी बाई. तिने दोनच महिन्यांपूर्वी सेक्टरातली तीन घरं सोडली होती. काकी खुर्चीवर बसल्या नाहीत.

"पास झालेला ना गो? मंग तुला काय पडलेला?"

"काकी, कोणी खाल्लंच नव्हतं."

"नाय खाल्ला तर नाय खाल्ला. कागदावर पास लिवलेला ना? लोका घरी खातील, बोंबलतील, मंग बगू आपन. तू आदीच आमच्या पोटावर पाय देतेस?"

सुगंधा टेबलावरच्या फॉर्मांकडे बघत होती. मला फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. मी काकींसाठीच हे सगळं करत होते अशी माझी समजूत होती आणि त्यांच्या नजरेत मीच दुष्ट ठरले होते. वाद घालायला गेले असते तर हरले असते. मी आत जाऊन तीन वाट्या भरून आणल्या. दोन पांढऱ्या कांद्याच्या, एक लाल.

"बसा. चाखा. वेगळी कुठली ते सांगा."

"माझी परीक्षा घेतेस?"

"घेते."

काकींनी पहिली वाटी चाखली, मान हलवली. दुसरी चाखली आणि तोंड तसंच थांबलं. गिळलं, पाणी प्यायल्या. तिसरी चाखायची गरज नव्हती तरी चाखली, मग पुन्हा दुसरी. मला वाटलं आता त्या काहीतरी तिखट बोलणार. त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली.

"ह्यो कांदा माझ्या मसाल्याला खातोय," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर माझा नाव नको टाकू, बाय."

मग त्या खुर्चीवर बसल्या. "आता सांग, काय करायचा?"

शनिवारी आम्ही तिघी टेस्ट किचनमध्ये होतो. मी एकच गोष्ट बदलून बघायची ठरवली होती, कामाचा क्रम. आतापर्यंत आम्ही आधी चिरा देत होतो आणि मग भिजवत होतो. म्हणजे आधी भिंत पाडायची आणि मग भांडण सोडवायला धावायचं. भिंत पडायच्या आधीच दोघींतल्या एकीला गप्प केलं तर? कांद्यातलं भांडण लावणारी जी आहे, तिला आम्ही एन्झाइम म्हणतो. ती उष्णतेने मरते. म्हणून लहान लाल कांदे निवडले. वरची साल काढली, पण बुडाची मुळं तशीच ठेवली, म्हणजे कांदा सुटत नाही. ते अख्खेच मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकले. टूथपिक मधोमध जरा अडून आत जाईल इतपत होऊ दिले. पाणी फेकून दिलं, कांदे पूर्ण गार केले आणि मग चिरा दिल्या. सुगंधा चिरत होती.

"मॅडम, डोले चुरचुरत नाय," ती म्हणाली.

सारण भरून झाकण ठेवून शिजवले. दबलेला गोडपणा वर आला होता. पांढऱ्या कांद्यासारखा रसाळ नव्हता, जरा मऊ, जरा जड. पण मसाला मसाल्यासारखा लागत होता. सोमवारी परत गोडाऊनला चाचणी घेतली. फरक ओळखू आला, तो येणारच होता. मग मी दुसरा प्रश्न विचारला, जो आधीच विचारायला हवा होता. हे घरी परत कराल का? बहुतेकांनी हो म्हटलं. पर्याय म्हणजे जुळं भावंड नसतं. मूळ चीज येईपर्यंत घरात वागवून घेता यावं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

हे इथे संपलं असतं. पण त्या आठवड्यात वर्षाताईंनी मला जाता जाता विचारलेला एक प्रश्न डोक्यातून जात नव्हता. "ते तुमचं ठीक आहे गं, पण आम्ही ते सारण कशात भरायचं?" पॅनेलवरची अकरा माणसं कांदा खात नव्हती, तर आमच्या गिऱ्हाइकांत किती असतील? पांढरा कांदा संपतो नेमका तेव्हाच या घरांत कुठलाच कांदा येत नाही. आम्ही त्यांना कांद्याऐवजी दुसरा कांदा द्यायला निघालो होतो.

मी वर्षाताईंनाच विचारलं, की तुम्ही या दिवसांत सारण कशात भरता. त्या म्हणाल्या, पडवळात, शिराळ्यात. पावसात पनवेलच्या बाजारात शिराळी, म्हणजे दोडकी, ढिगाने येतात. वरच्या शिरा तासून, दोन बोटं लांबीचे तुकडे करून, मधला गर थोडा काढून सारण भरायचं. शिराळं शिजताना स्वतःचं पाणी सोडतं आणि मुळात गोडसर असतं. गोड कांद्याचं जे काम, सारणाला ओलावा देणं आणि तिखटाला सावरणं, ते शिराळं कांद्यापेक्षा फार कमी करत नाही. मी करून बघितलं आणि मला हसूच आलं. तीन आठवडे मी कांद्यांच्या जाती पालथ्या घातल्या होत्या.

पण काकींच्या मसाल्यात लसूण. चातुर्मासात लसूणही चालत नाही.

"लसणीशिवाय मसाला?" काकी म्हणाल्या. "त्यो काय मसाला हाय? आजाऱ्याचा जेवन हाय."

"काकी, दोन पुड्या करू. एक नेहमीची, एक बिनलसणीची. नाहीतर या महिन्यांत निम्मी घरं आपलं खोकं उचलणारच नाहीत."

त्या कुरकुरत गेल्या. पहिला नमुना खरोखरच आजाऱ्याचा होता. मी हिंग सुचवला. त्यांनी हिंग घातला आणि एवढा घातला की खोकं न उघडता कळत होतं. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःहून तीळ भाजून घातले, धने नेहमीपेक्षा जरा काळपट भाजले, हिंग चिमटीवर आणला. ती पुडी मी वर्षाताईंना, एचआरच्या मुलीला आणि त्या जैन मुलाला शिराळ्यात करून दिली. या वेळी पाणी संपलं आणि शेऱ्याची जागा पुरली नाही. जैन मुलाने मागच्या पानावरही लिहिलं. सारणातलं खोबरं जरा जाड आहे, अशी तक्रार होती. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने या किटबद्दल आम्हाला काही खरं सांगितलं होतं.

नीरज सरांनी दोन कार्डं छापली. एक लाल कांद्याचं, आधी अख्खा उकळा असं ठळक अक्षरात. दुसरं शिराळ्याचं. छापताना एवढंच म्हणाले, "एक प्याज बदलने को बोला था मैंने."

किट बंद झालं नाही. पण आधीसारखं चाललंही नाही. कांदा आधी उकळायचा म्हणजे एक भांडं जास्त आणि थोडा वेळ जास्त. संध्याकाळी दमून आलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ होतं. शिराळ्याचं किट बरं गेलं, पण नवीन होतं. एकूण मागणी निम्म्याच्या जरा वर राहिली. भिजवलेल्या कांद्याचं पहिलं कार्ड तसंच छापलं असतं तर पहिले दोन महिने मागणी पूर्ण राहिली असती, मग तक्रारी आल्या असत्या आणि सगळंच बंद पडलं असतं. असं मला वाटतं. माझ्या पेशात असं सिद्ध करता येत नाही, कारण जे घडलं नाही त्याची चाचणी घेता येत नाही.

काकींनी काम वाटून दिलं, पाळीपाळीने. तरी आठ जणींना पुरेना. सगळ्यात शेवटी आलेली म्हणून सुगंधाला थांबावं लागलं. ती परत सेक्टरात कामाला गेली. आधीच्या तीन घरांपैकी एकच परत मिळालं, बाकी दोन ठिकाणी दुसरी बाई लागली होती. माघात पांढऱ्या कांद्याच्या माळा आल्या, मागणी वाढली, तेव्हा काकींनी तिला निरोप पाठवला. ती आली नाही. म्हणाली, पाऊस आला की परत सोडावं लागेल, मग तेव्हा हे घरही जायचं.

मी काकींना विचारलं, माझ्यावर राग आहे का. त्या मसाला चाळत होत्या.

"नाय गो. तू खरा केलास," त्या म्हणाल्या. चाळण थांबवून पुढे म्हणाल्या, "पन ती बरी पोर होती."

आमच्या चाचणीच्या फॉर्मवर आता पहिला प्रश्न असतो, सध्या तुम्ही काय खात नाही? पॅनेलची तारीख ठरवताना मी पंचांगही बघते. लोकांनी आपणहून सांगावं अशी वाट बघू नये, विचारावं, एवढा धडा मी घेतला आणि तो उपयोगी आहे. रिपोर्टच्या शेवटी परिणाम नावाचा एक रकाना असतो. तिथे मी लिहिलं, की पर्याय स्वीकारार्ह, उत्पादन सुरू ठेवावे. ते खरंच होतं. सुगंधाचं लिहायला त्या रकान्यात जागा नसते, म्हणून इथे लिहिलं.